निराधारचे पैसे नेमके कोणत्या खात्यावर पडतात? माझा अनुभव

तहसीलमध्ये विचारलं की उत्तर यायचं, “पैसे गेलेत, बँकेत बघा.” बँकेत गेलं की, “आमच्याकडे काही आलेलं नाही, तहसीलला विचारा.” धाकट्या भावाच्या संजय गांधी निराधार अनुदानासाठी, म्हणजे निराधार आणि दिव्यांगांना राज्य सरकारकडून मिळणाऱ्या महिन्याच्या मदतीसाठी, मी ही दोन वाक्यं इतक्या वेळा ऐकली आहेत की अजूनही त्या आवारात शिरलं की डोकं तापतं. मुळात दोन्हीकडची माणसं खरंच सांगत होती. पैसे गेले होते, आणि त्या बँकेत आले नव्हते. मधल्या मध्ये ते कुठे होते, एवढं सांगणारं कुणी भेटलं नाही. ज्यांच्या घरी हाच घोळ चालू आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधीचं थोडक्यात सांगते. भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हात-पाय ताठ, बोलणं सावकाश, पण डोकं लख्ख. घरचा हिशेब तोच ठेवतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाचं ७० टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आधीच होतं. या योजनेला किमान ४० टक्के दिव्यांगत्व, वय ६५ च्या आत आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा इतर निराधारांना ₹२१,००० आहे, दिव्यांगांना ₹५०,०००. सेतूवाल्यांनाही कधी कधी हा फरक ठाऊक नसतो आणि ते माणसाला दारातूनच परत पाठवतात, म्हणून आकडा पाठ करून जा. रेशनकार्डावर आई आणि भाऊ दोघंच. आई शिलाई करते, माझं लग्न झालेलं. अर्ज समितीपुढे गेला, मंजूर झाला, पैसे सुरू झाले. आधी महिना ₹१,००० होते, जुलै २०२३ पासून ₹१,५०० झाले.

मग डिसेंबर २०२४ आला आणि पैसे थांबले.

त्या सुमाराला राज्याने या योजनेचे पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट लाभार्थ्याच्या खात्यात, द्यायला सुरुवात केली. त्याआधी तहसीलकडून बँकेला यादी जायची आणि बँक यादीतल्या खाते क्रमांकावर रक्कम टाकायची. आता रक्कम आधार क्रमांकावर सुटते. म्हणजे अर्जासोबत तुम्ही कोणतं पासबुक जोडलं होतं, याला अर्थ उरत नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, ज्याला सगळे एनपीसीआय म्हणतात, एक नोंद असते: या आधारला ही बँक. एका आधारला एका वेळी एकच बँक. पैसे त्या बँकेत जातात. ही गोष्ट कुणी आम्हाला एका वाक्यात सांगितली असती तर आईला मेडिकलवाल्याकडे उधारी मागावी लागली नसती.

मी बँकेत विचारायचे, “आधार लिंक आहे का?” काउंटरवरचा माणूस संगणकात बघून म्हणायचा, “आहे की.” आणि ते खरंही होतं. खात्याला आधार जोडलेला असणं ही एक गोष्ट आणि एनपीसीआयच्या नोंदीत त्या बँकेचं नाव असणं, ज्याला सीडिंग म्हणतात, ही वेगळीच गोष्ट. बँकेत दोन्हींना सर्रास ‘लिंक’ म्हणतात. म्हणून तुम्ही विचारताना स्पष्ट विचारा: “डीबीटीसाठी आधार सीडिंग या बँकेत आहे का, एनपीसीआयला मॅप झालंय का?” हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस पुन्हा संगणकाकडे वळतो.

आमचं उत्तर शेवटी बँकेत मिळालंच नाही. ते भावाने घरी बसून मोबाईलवर शोधलं. माय आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत गेलं की ‘बँक सीडिंग स्टेटस’ नावाची जागा आहे. तिथे बँकेचं नाव, नोंद चालू आहे की बंद आणि शेवटची नोंद कधी झाली ती तारीख दिसते. खाते क्रमांक मात्र दिसत नाही. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवरच येतो, तेव्हा तो नंबर चालू ठेवा. भावाच्या नावापुढे भलत्याच बँकेचं नाव होतं. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी तिथे खातं उघडलेलं होतं. शाळा सुटली, शिष्यवृत्ती थांबली, तेव्हापासून त्या खात्याकडे जायचं काही कारणच पडलं नव्हतं. आणि निराधारचे पैसे महिनोन् महिने तिथे जमा होत होते.

हे कळलं त्या दिवशी मला वाटलं, सुटलो. पण खरी अडवणूक इथून पुढे सुरू झाली.

त्या खात्याची केवायसी, म्हणजे बँकेकडची ओळखीची कागदपत्रं, जुनी झालेली, म्हणून खातं गोठवलेलं. पैसे आत येत होते, बाहेर निघत नव्हते. शाखेत सांगितलं, “खातेदाराला घेऊन या.” मी म्हटलं, त्याला चालता येत नाही, तुमची शाखा पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. “मग उचलून आणा, काय करणार?” हे वाक्य माझ्या भावाबद्दल, तो फोनवर ऐकत असताना बोललं गेलं. आम्ही आणलाही त्याला. दोघांनी खुर्चीसकट वर नेला. वर गेल्यावर अंगठा. त्याच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, बोटं सरळच होत नाहीत. पुन्हा पुन्हा बोट दाबून बघितलं. “नाही येत, आधार अपडेट करून या.” आधार अपडेट केलेलंच होतं. आणि या सगळ्यात त्याच्याशी कुणी बोललं नाही. “याचं नाव काय, हा सही करतो का, याला कळतं का,” सगळं मला विचारत होते. तो शेवटी स्वतःच म्हणाला, “मला विचारा, खातं माझं आहे.” सावकाश बोलतो, पण शब्द न शब्द कळतो. त्यावरही काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडेच बघितलं.

मी तोंडी बोलणं त्या दिवसापासून बंद केलं, आणि काम हललं ते त्यानंतरच. साध्या कागदावर शाखा व्यवस्थापकाच्या नावे अर्ज लिहिला. मजकूर भावाने सांगितला, खाली त्याचाच अंगठा, मी साक्षीदार. त्यात दोन गोष्टी लिहिल्या. पहिली, रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितलेलं आहे की ७० वर्षांवरच्या आणि दिव्यांग, आजारी खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, त्यात केवायसीची कागदपत्रं घरून घेणंही येतं. दुसरी, बोटांचे ठसे येत नसतील तर आधारची ओळख डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून पटवता येते. अर्जाची झेरॉक्स नेली, तिच्यावर शिक्का आणि तारखेसह पोच मागितली. “पोच कशाला, होईल काम,” म्हणाले. मी काउंटरवरून हलले नाही. पोच मिळाली. अर्जाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करू. ती वेळ आली नाही. त्याच महिन्यात बँकेतून एक अधिकारी घरी आल्या, भावाजवळ बसल्या, प्रश्न त्याला विचारले, चेहऱ्यावरून पडताळणी केली, कागद घेतले. पुढच्या आठवड्यात खातं मोकळं झालं. त्या अर्जाचा मला आजही अभिमान आहे, आणि भावाला माझ्याहून जास्त.

सीडिंग बदलायचं असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे आधार सीडिंगचा संमतीचा फॉर्म भरून द्यावा लागतो, त्यात जुन्या बँकेचं नाव टाकायचं. एनपीसीआयच्या संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. आम्ही घराजवळची, तळमजल्यावरची बँक निवडली. फॉर्म दिल्यावर लगेच खूश होऊ नका, काही दिवसांनी पुन्हा स्टेटस बघा. आणि जुनं खातं लगेच बंद करू नका. वाटेत असलेला एखादा हप्ता तिथे पडू शकतो.

आता खर्चाचं. थकलेली रक्कम एकदम हातात आली तेव्हा घरात सगळ्यांच्या मनात काही ना काही आलं. आईला मिक्सर घ्यायचा होता. भाऊ म्हणाला, “ताई, हे जुन्या महिन्यांचे आहेत. त्या महिन्यांचा खर्च होऊन गेलाय, उधारीवर.” त्याने आधी मेडिकल आणि किराणा चुकता केला. मग दोन महिन्यांच्या गोळ्यांची रक्कम बाजूला काढली. उरलेल्यातून न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडा बसवून घेतला, जो इतके दिवस राहिला होता. मिक्सर पुढे आईने स्वतःच्या शिलाईतून घेतला.

सरकारी कागदावर ही मदत दरमहा आहे. खात्यावर ती दरमहा, ठरल्या तारखेला येईल असं धरून चालू नका. कधी दोन महिन्यांचं एकदम येतं, कधी सणाच्या आधी येतं, कधी खंड पडतो. त्यामुळे भावाचा नियम असा की जे पडलेत ते पुढच्या महिन्यासाठी. या महिन्याचा खर्च आधी आलेल्या पैशातून चालतो. सुरुवातीला एक हप्ता बाजूला ठेवणं फार जड जातं, आम्हाला तर थकबाकी मिळाली म्हणूनच जमलं. ज्यांना जमत नाही त्यांनी निदान ज्याच्यावाचून चालणारच नाही तेवढ्याचे पैसे आधी काढावेत. आमच्याकडे त्या स्नायूंच्या ताठपणाच्या गोळ्या. सिव्हिलमध्ये मोफत मिळतात, पण संपलेल्या असल्या की बाहेरून घ्याव्या लागतात आणि मग निम्म्याहून जास्त हप्ता तिथेच जातो. त्या अचानक बंद करणं धोक्याचं असतं, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, म्हणून ते पैसे कुणी मोडत नाही.

वहीत दोन रकाने ठेवा: कोणत्या महिन्याचे आणि कधी पडले. पासबुकात नुसती रक्कम दिसते, महिना दिसत नाही. तहसीलमध्ये “मार्चचे मिळाले नाहीत” असं बोट ठेवून सांगता आलं की वाद वाढत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना ₹२,५०० झाले तेव्हा याच वहीने कामं सोपी केली, कारण वाढीव ₹१,००० चा फरक आमच्याकडे उशिरा आला आणि कोणत्या महिन्याचा किती राहिला ते लगेच दाखवता आलं. वाढलेले हजार भावाने घरखर्चात मिसळू दिले नाहीत. त्यातून त्याचा फिजिओथेरपीचा आणि मोबाईलचा खर्च भागतो. पैसे त्याच्या नावाचे आहेत, त्यामुळे ते कसे वापरायचे हे तोच ठरवतो, आणि ज्या घरात आपल्या माणसाला समज आहे तिथे हे असंच असावं असं मला मनापासून वाटतं.

खातं किमान शिल्लक न लागणारं आहे ना, हे विचारून घ्या, नाहीतर दंडातच पैसे कापले जातात. एसटीचं आधी सांगायला हवं होतं: दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे आणि ६५ टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. तहसीलच्या चकरांचा खर्च त्याने बराच कमी झाला. ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, त्यासाठी वेगळा अर्ज द्या, तो निराधारच्या अर्जात धरला जात नाही. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असणाऱ्यांना निरामय आरोग्य विमा मिळतो, वर्षाला ₹१ लाखापर्यंत. ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत नाव जातं. त्यातले ₹३०० केंद्राचे असतात, बाकीचे राज्य घालतं, म्हणून काहींना रक्कम दोन तुकड्यांत पडलेली दिसते. एक तुकडा आला म्हणजे कपात झाली असं समजून घाबरू नका, दुसऱ्याची वाट बघा.

आणि हयातीचा दाखला. तो दरवर्षी लागतो, राहिला की पैसे बंद होतात आणि पुन्हा चालू करायला महिने जातात. तारीख आपल्या तहसीलच्या संजय गांधी शाखेत विचारा, दाखला देताना पोच घ्या आणि ती पोच मंजुरी आदेशाच्या झेरॉक्ससोबत एकाच पिशवीत ठेवा.