पॅन्झी मेली म्हणून फोन आला

जानेवारीतली सकाळ, सात वाजायचे होते. वाईच्या नर्सरीत पाइप जोडत होतो तोच महाबळेश्वरच्या एका बंगल्यावरून मॅडमचा फोन. "अहो, तुमची सगळी पॅन्झी मेली. आणि परवा पाहुणे येतायत!" 'तुमची'वर चांगलाच जोर होता. पॅन्झी म्हणजे थंडीतलं फुलझाड, आणि त्यांच्या वाफ्यात ते मीच लावलं होतं.

भरपाई म्हणून डायन्थस या दुसऱ्या फुलझाडाचे दोन क्रेट गाडीत टाकले नि पसरणीचा घाट धरला.

आदल्या वर्षी तोंड पोळलं होतंच. गिऱ्हाइकाला दिवाळीत फुलं हवी, म्हणून गणपतीतच बी टाकलं. पॅन्झीच्या बियाला उगवायला 18 ते 20 अंशांचा गारवा लागतो आणि अंधार. वाईत सप्टेंबर-ऑक्टोबरला कुठला गारवा? निम्मं उगवलंच नाही. उगवलं ते लांबुडकं, लुळं. त्यात परतीच्या पावसानं एक रात्र झोडपलं आणि सकाळी ट्रेमधली रोपं बुडाशी काळी पडून आडवी. मर रोग.

म्हणून या खेपेला घटस्थापनेला बी टाकलं, तेही सावलीत, ट्रेवर ओलं गोणपाट घालून. लोक घटात धान्य पेरत होते, मी पॅन्झी. तुळशीचं लग्न लागल्यावर बंगल्यात लावणी केली. एवढं करूनही मेली?

बंगला वेण्णा तलावाच्या अंगाला, खोलगटात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा तिथे साचते. लॉन पांढरंफटक, गाडीच्या टपावर बर्फाची साय. पॅन्झी मातीला चिकटलेली. पानाला बोट लावलं तर काचेसारखं कडक.

माळीभाऊंनी पातेलंभर पाणी तापवून आणलं होतं.

"भाऊ, थांबा! ते ओतलंत तर खरंच मरेल."

थंडीत पेशींमधलं पाणी बाहेर सरकून आजूबाजूच्या फटीत गोठतं, म्हणून पॅन्झी मान टाकते. हळूहळू वितळलं की पेशी ते परत ओढून घेतात. हे मी वाचलं होतं. पाहिलं कधीच नव्हतं. मॅडमना मात्र "दहापर्यंत वाट बघा" असं ठासून सांगितलं आणि घसा कोरडा पडला. पातेल्यातल्या पाण्याचा चहा झाला.

साडेनऊला ऊन झाडांवरून वाफ्यात उतरलं. काही वेळ नुसतं ओलं चिप्प. मग कडेच्या एका जांभळ्या फुलाचा देठ जरासा उचलला गेला. मग शेजारचा. अकरापर्यंत अख्खा वाफा उभा. माळीभाऊंनी हौसेनं लावलेला पलीकडचा झिनिया मात्र उकडलेल्या पालकासारखा काळा लिबलिबीत झाला होता. तो गेला तो गेलाच.

मॅडम खूश. "एवढी थंडी सोसते, तर पुढच्या वर्षी दसऱ्यालाच लावा की!"

"मॅडम, हिला थंडी नाही मारत. ऑक्टोबरचं ऊन मारतं."

"इथे कुठलं आलंय ऊन?"

इथे नसेलही, पण रोपं तयार होतात खाली वाईत, तिथे आहे ना! मॅडम तोवर आत गेल्या होत्या.

माळीभाऊ झिनिया उपटत होते. "आता हितं काय लावायचं?"

मी गाडीतून डायन्थसचे क्रेट उतरवले.