डावं फॉइल हलत होतं, उचलत नव्हतं

नारळी पौर्णिमा होऊन महिना उलटला होता, तरी नैर्ऋत्येची लांब लाट अजून ओसरली नव्हती. चाचणीला असाच समुद्र हवा असतो. बोट २७ मीटर लांबीची, ६० टनांची प्रवासी कॅटामरान, म्हणजे शेजारी जोडलेल्या दोन धडांची (हलांची) बोट. दोन्ही हलांच्या नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, उलट्या टी अक्षरासारखं एकेक नवं फॉइल, पाण्याखालचा पंख, बसवलेलं. एक फेरी, फॉइल वळवून बोटीचे हेलकावे शमवणारी यंत्रणा बंद ठेवून केली, मग त्याच मार्गावर, त्याच २२ नॉट वेगाने, चालू ठेवून दुसरी. दुसऱ्या फेरीत दहा मिनिटं झाली असतील, बोट चालवणारे सारंग म्हणाले, "साहेब, बंद होती तेव्हाच बरी चालत होती."

पडद्यावरचे आकडेही सारंगांच्याच बाजूने होते.

मुंबईच्या गेटवेहून मांडव्याकडे जाताना ही लाट उजव्या कुशीवर, जरा पुढून येते. ७ सेकंदांची लाट असली तर बोटीच्या वेगामुळे ती साडेपाच सेकंदांच्या आसपास भेटते. माणसाच्या पोटाला सगळ्यात वाईट काळ ६ सेकंदांच्या जवळपासचा, म्हणजे ही वाट नेमकी त्यातच येते. कॅटामरानचे हल अरुंद. खालीवर होताना त्यांना पाण्याचा अडसर फार कमी मिळतो. तिरकी लाट आली की नाळ उचलणं आणि कुशीवर झुकणं एकत्र येऊन बोट पिळवटल्यासारखी चालते. ओकाऱ्या काढतो तो हा पिळा, लाटेची उंची नव्हे.

फॉइल इथे दोन प्रकारे कामाला येतं. एक, नुसतं स्थिर असलं तरी. २२ नॉट म्हणजे सेकंदाला ११.३ मीटर, नाळ सेकंदाला १ मीटर वेगाने वर निघाली तर पाणी फॉइलवर आपोआप ५ अंश वरून येतं आणि नाळेला खाली दाबतं. दुसरं, हायड्रॉलिक सिलिंडरने कोन बदलून. ०.८ चौरस मीटरचं फॉइल या वेगाला ५ अंशांवर दीड टनाच्या वर जोर देतं. दोन्ही एकाच दिशेने फिरवली की नाळेची उचल मारता येते, उलटसुलट फिरवली की झुकणं. तस्मानियातल्या इनकॅट या बोटी बांधणाऱ्या कंपनीच्या मोठ्या कॅटामरानना मधली तिसरी नाळ असते, तिला एकच टी फॉइल टांगतात. आमच्या बोटीला मधली नाळ नाही, म्हणून दोन लागली. हे दोनपण त्या दिवशी महागात पडलं.

पहिला संशय फॉइल उशिरा वळत असल्याचा. जोर लाटेच्या मागे पाव फेरा राहिला तर तो हालचाल शमवत नाही, आणि त्याहून मागे पडला तर चक्क वाढवतो. पण यंत्रणेचा आदेश आणि फॉइलचा प्रत्यक्ष कोन यांत ०.२ सेकंदांचा फरक निघाला. साडेपाच सेकंदांत तो जेमतेम १३ अंश होतो. दुसरा संशय तारा उलट जोडल्याचा. तोही सकाळीच धक्क्यावर फिटला होता: बोटीचं झुकणं मोजणारी जायरोची पेटी हाताने तिरकी केली तेव्हा दोन्ही फॉइल बरोबर बाजूला वळली होती.

खूण आलेखात सापडली. यंत्रणा बंद असताना उचल आणि झुकणं आपापल्या लयीत होती. चालू केल्यावर झुकणं थोडं कमी झालं, पण उचल हुबेहूब झुकण्याच्या मागोमाग चालायला लागली. उलटसुलट आदेशाने नाळ उचलायला नको, कारण डावीकडचं खाली आणि उजवीकडचं वर एकमेकांना खोडतात. ती उचलतेय म्हणजे एकाच बाजूचं फॉइल काम करतंय. कोनाचा आकडा मात्र दोन्हीकडे ठणठणीत. सिलिंडरचा दाबही काही सांगत नव्हता, कारण फॉइल ज्याभोवती फिरतं ती आस पुढच्या काठापासून पाव रुंदीवर, जोर जिथून लागतो तिथेच ठेवलेली असते. सिलिंडरवर भार पडतो तो थोडाच.

मग बंदराच्या आत, लाट पोचत नाही तिथे आलो. सरळ मार्ग, तोच वेग, एका वेळी एकच फॉइल ५ अंशांवर, २० सेकंदांची सरासरी. हे जाताना आणि येताना दोन्हीकडे करायचं. जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतो, फॉइलला फक्त पाण्यातला वेग कळतो. ओहोटीचा ओढा २ नॉटचा असला तर २२ चे २० होतात आणि जोर सहाव्या हिश्शाने घटतो. उजव्या फॉइलने नाळ ०.३ अंश वर गेली. डाव्याने कसाबसा ०.१.

पाणबुड्या उतरला. बंदरातल्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, सगळं चाचपून करायचं. पाच मिनिटांनी त्याने वर दिला तो हातभर लांबीचा नायलॉन जाळ्याचा तुकडा, दोरीसकट, आणि त्यात अडकलेली सिमेंटची रिकामी गोणी. टीचा उभा दांडा आणि फॉइल मिळतात त्या कोपऱ्यात जाळं अडकलेलं, गोणी पुढच्या काठावरून वरच्या अंगावर पसरलेली. मागच्या काठाला लोंबत असती तर वेग थोडा खाल्ला असता, एवढंच. पुढच्या काठावर मात्र वरचा प्रवाह तिथेच सुटतो. मग कोन कितीही द्या, उचल मिळत नाही.

पावसाळ्यानंतर नाल्यांतून आलेला कचरा महिनोन्‌महिने बंदरात फिरत असतो, त्यामुळे हे पुन्हा होणारच. कचरा टाळायला फॉइल आणखी खोल नेता आलं असतं, पण ओहोटीला मांडव्याच्या जेट्टीपाशी पाणी बेताचं असतं, त्यामुळे दांडा वाढवणं शक्य नाही.

आता पहिल्या फेरीआधी हीच एकेका फॉइलची तपासणी होते. डाव्या-उजव्यात चौथ्या हिश्शाहून जास्त फरक आला तर बोट थांबवून अर्धा मिनिट ४ नॉटने मागे घेतात. पिशव्या, गोणी बहुधा तेवढ्याने सुटतात. जाळं सुटत नाही. त्या दिवशी यंत्रणा बंद, दोन्ही फॉइल शून्यावर अडकवून ठेवायची आणि संध्याकाळी पाणबुड्याला बोलवायचं.