शिकागोत विली डिक्सनच्या मागावर

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांचं संगीत, ऐकायला शिकागोला जाणारे बहुतेकजण रात्री एखाद्या क्लबात बसतात आणि परततात. तेही करा. पण त्याआधीचा दिवस एकाच माणसाला द्या, विली डिक्सनला. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, लिटल वॉल्टर ही गाणाऱ्यांची नावं मोठी झाली. त्यांच्या मागे डबल बेस हे माणसाएवढं, खालच्या सुरांचं तंतुवाद्य धरून उभा असलेला, आणि पुष्कळदा गाणंही लिहून दिलेला माणूस हाच.

पत्ता २१२०, साउथ मिशिगन अव्हेन्यू. या सगळ्यांची गाणी काढणाऱ्या चेस रेकॉर्ड्स कंपनीचं ऑफिस आणि स्टुडिओ १९५७ ते १९६७ इथे होता. मेट्रोच्या ग्रीन लाइनने सरमॅक–मॅककॉर्मिक प्लेस स्टेशनवर उतरा, सरमॅक रोडने पूर्वेला चालत जा आणि मिशिगन अव्हेन्यू आली की डावीकडे वळा. सम आकड्यांची घरं पश्चिमेच्या बाजूला असतात, म्हणजे रस्ता ओलांडायचा नाही. मेट्रोसाठी वेगळं कार्ड घेतलं नाही तरी चालतं. परदेशी व्यवहार सुरू असलेलं टॅप करायचं बँक कार्ड गेटवर चालतं.

इमारत दुमजली आणि अगदी साधी. नजर चुकली तर पुढे निघून जाल. स्टुडिओ वरच्या मजल्यावर. मूळ यंत्रसामग्री आता तिथे नाही, त्यामुळे नुसत्या वस्तू बघायला जाल तर हिरमोड होईल. रॉक अँड रोलचं गाजलेलं ‘जॉनी बी. गुड’ इथेच ध्वनिमुद्रित झालं, १९५८ साली. चक बेरीच्या गिटारखाली बेस वाजतो तो डिक्सनचा. जाण्याआधी हे गाणं हेडफोन लावून, गिटारकडे मुद्दाम दुर्लक्ष करून ऐका. भजनात मृदंग थांबला की टाळकऱ्यांचं जे होईल, तेच इथे बेस काढला तर होईल. रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडने १९६४च्या जूनमध्ये इथे येऊन ध्वनिमुद्रण केलं, म्हणून रॉकवेड्यांची गर्दी असते. त्याच वर्षाच्या शेवटी इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलेलं त्यांचं ‘लिटल रेड रूस्टर’ मात्र डिक्सनचं. उलट त्याने मडी वॉटर्ससाठी लिहिलेलं ‘हूची कूची मॅन’ १९५४चं, म्हणजे ते या जागेतलं नव्हेच.

डिक्सनचा जन्म १९१५चा, मिसिसिपीतल्या विक्सबर्गचा. पोरवयात तिथल्या कैद्यांच्या शेतांवर राबला, १९३६मध्ये शिकागोला आला आणि पुढच्याच वर्षी इलिनॉयच्या गोल्डन ग्लव्हज या मुष्टियुद्ध स्पर्धेत हेवीवेट गटात जिंकला. पैशांवरून मॅनेजरशी वाजलं आणि मुष्टियुद्ध सुटलं. पहिला बेस मित्र बेबी डू कॅस्टनने पत्र्याचा डबा आणि एक तार यांतून करून दिलेला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जायला त्याने नकार दिला. ज्या देशात काळ्यांना ही वागणूक, त्याच्यासाठी लढायचं कशाला, हा त्याचा सवाल. सुमारे दहा महिने तुरुंगात काढले.

पैशांचं भांडण मात्र जन्मभर पुरलं. गाणी त्याची, हक्क चेसबंधूंचा हिस्सा असलेल्या आर्क म्युझिक या प्रकाशन कंपनीकडे. सत्तरच्या दशकात तो कोर्टात गेला आणि हक्क हळूहळू परत मिळवले. ‘होल लोटा लव्ह’ आपल्याच गाण्यावरून घेतलंय म्हणत लेड झेपेलिन या रॉक बँडवर १९८५मध्ये दावा लावला, १९८७मध्ये तडजोड झाली. मधुमेहाने पाय गेला तरी तो काम करत राहिला, १९९२मध्ये वारला. पुढच्या वर्षी पत्नी मेरी यांनी ही इमारत विकत घेतली. आज तिथे त्याने स्थापलेल्या ब्लूज हेवन फाउंडेशनचं संग्रहालय आहे. ज्या कंपनीत त्याला आपल्या गाण्यांचे पुरते पैसे मिळाले नाहीत, तिच्याच इमारतीवर आता त्याचं नाव! मला ही जागा आवडली ती यासाठी.

टूर ठरलेल्या वेळीच असते आणि वेळा बदलतात. निघण्यापूर्वी तपासून घ्या. टूर देणाऱ्याला रॉयल्टीबद्दल विचारा, नुसतं ‘स्टोन्स कुठे उभे होते’ एवढंच नको. जेवायला सरमॅक रोडनेच पश्चिमेला चायनाटाऊन गाठा. परतीला तिथून रेड लाइन मिळते. जमलं तर जून निवडा. मिलेनियम पार्कमधला ब्लूज महोत्सव तेव्हा असतो आणि त्याला तिकीट नाही. जानेवारी-फेब्रुवारीत मिशिगन तलावावरून येणारा वारा या फेरीची मजा घालवतो.

डिक्सनचं थडगं दक्षिणेच्या उपनगरात, ऑल्सिपच्या बर ओक दफनभूमीत आहे. मिसिसिपीत १९५५ साली वर्णद्वेषातून मारला गेलेला चौदा वर्षांचा काळा मुलगा एमेट टिलही तिथेच आहे. मडी वॉटर्स ऑल्सिपमध्येच, पण रेस्टव्हेल या दुसऱ्या दफनभूमीत. दोन्हीकडे जायला गाडीच बरी. दोघा-तिघांत टॅक्सी केलीत तर परवडेल. उजेड असताना जा, आणि दफनभूमीच्या ऑफिसात थडग्याची जागा आधी विचारून घ्या, कारण आवार मोठं आहे.