लेशाफ्टचा ‘पास’ मागे घेतोय

बुलेटच्या गियरबॉक्सचे भाग मी डाय पेनिट्रंट किटने तडे शोधायला तपासतोय: लाल रंग भेगेत शिरू द्यायचा, वरचा पुसायचा, मग डेव्हलपर म्हणजे पांढरी पूड फवारायची, की भेगेतला रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. मागच्या अपडेटमध्ये लेशाफ्टच्या (गियरबॉक्समधल्या दुय्यम दांड्याच्या) सेकंड गियरला ‘पास’ लिहिलं होतं. तो निकाल रद्द. एका दाताच्या बुडाशी तडा आहे, आणि माझ्या हातून तो दोनदा सुटला.

बुलेटच्या या अल्बियन नावाच्या गियरबॉक्ससाठी जळगावच्या भंगारातून आणलेल्या मालात अर्धा दात उडालेला एक गियर होता. रविवारी सहज तोही बाकीच्यांबरोबर लाल रंगात घातला. त्याची भेग नुसत्या डोळ्यांना दिसते, नखाला लागते. डेव्हलपर मारला, तर पांढऱ्यावर काहीच नाही! म्हणजे माझी पद्धतच आंधळी होती.

मग तीन दिवस त्याच तुकड्यावर घालवले, एकेक गोष्ट बदलत. पहिला संशय क्लीनरवर. जादा रंग काढताना मी तो थेट गियरवर फवारायचो. त्याने भेगेतला रंगही धुऊन जातो. आता आधी कोरडं फडकं, मग क्लीनरने जरा ओलं केलेलं. फिकट ठिपके आले, रेघ नाही.

दुसरा घोळ आपल्या मे महिन्याचा. डब्यावर १० ते ५२ अंश लिहिलंय, आणि मी भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये बसत होतो. तिथे लोखंडाला हात लावता येत नाही, रंग भेगेत शिरायच्या आधीच वाळतो. पहाटे साडेपाचला ओट्यावर केलं, १५ मिनिटं रंग ठेवला, मध्ये एक हात पुन्हा दिला. रेघ उमटली, पण तुटक.

सगळ्यात चिवट निघालं ते नव्वद नंबरचं जुनं गियर ऑइल. भेगेत तेच भरलेलं असेल तर रंग शिरणार कुठून? पेट्रोलने धुणं पुरत नाही. गियर रात्रभर थिनरमध्ये ठेवला, थिनर पूर्ण उडाल्यावर अंगणात जुन्या तव्यावर १०० अंशांच्या आसपास तापवला, गार केला, मग रंग. दोन मिनिटांत लालभडक, सलग रेघ! घरच्यांना उठवून दाखवली.

लेशाफ्टच्या गियरवरही हेच केलं आणि तडा दिसला. खात्रीसाठी थिनरच्या बोळ्याने पुसून पुन्हा डेव्हलपर मारला. रेघ त्याच जागी परत आली. डाग असता तर आला नसता. लेथवाले काका बघताक्षणी म्हणाले, “हाई तं तडकेल शे, भाऊ!”

स्लीव्ह गियर (मुख्य दांड्यावरचा पोकळ गियर) मात्र नव्या पद्धतीनेही स्वच्छ निघाला, फार बरं वाटलं. केसिंगवर, म्हणजे गियरबॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कवचावर, सुटे ठिपके आहेत, ती ओतकामातली छिद्रं, रेघ नाही. तारेचा ब्रश मी बंद केलाय, अ‍ॅल्युमिनियम पसरून भेगेचं तोंड मिटतं.

किट ऑनलाइन मागवू नका. माझ्या डेव्हलपरचं नोझल आधीच तुंबलेलं आलं. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्याकडे घ्या, डबा हलवून आतली गोळी खुळखुळते का ते ऐका. क्लीनर दोन घ्या, तोच आधी संपतो.

पुढचा नंबर मेनशाफ्टचा, म्हणजे मुख्य दांड्याचा होता, पण हे लिहिता लिहिता सुचलं: ज्या तेलाने इतका छळ केला, तेच भंगारात कामाला लावता येईल. गियर कोरडा पुसायचा, खडूची पूड चोळायची आणि उन्हात ठेवायचा. तापल्यावर भेगेतलं तेल पाझरून खडूवर काळी रेघ यायला हवी, पैसे देण्याआधीच. बारीक तडे सुटतील, त्यांच्यासाठी घरी किट आहेच. शनिवारी दुपारी बाराला जातोय, तुटका गियर सोबत घेऊन. आधी त्याच्यावर रेघ आली, तरच बाकीचे बघणार.