बेसची नोंद: फ्लॅटवाउंडवर आल्यानंतर

माझ्या बेस गिटारवरच्या राउंडवाउंड (गोल तारेचं वेष्टण असलेल्या) तारा काढून फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचं वेष्टण असलेल्या) तारा लावल्या. त्यांच्यावर आता पुरेशा तालमी आणि कार्यक्रम झाले आहेत, तेव्हा मागच्या नोंदीत राहिलेलं सगळं इथे लिहिते. बेस तोच: चार तारांचा, ३४ इंच स्केलचा (म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी), एकच स्प्लिट-कॉइल पिकअप (तारेचं कंपन टिपणारा, दोन तुकड्यांतला चुंबकी भाग) असलेला. आधीच्या तारा निकेल राउंडवाउंड, ४५ ते १०५ गेज (तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). नव्या स्टेनलेस स्टीलच्या फ्लॅटवाउंड, गेज तेच. गेज मुद्दाम बदललं नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या की आवाजातला फरक कशामुळे आला ते सांगता येत नाही.

तारा चढवण्याबद्दल एकच गोष्ट आग्रहाने सांगते. फ्लॅटवाउंडचं बाहेरचं वेष्टण चपट्या पट्टीचं असतं आणि ती पट्टी आतल्या गाभ्यावरून सैल झाली की तार कायमची मुकी होते. म्हणून तार खुंटीपाशी आधी काटकोनात वाकवायची, मगच कापायची. चारही तारा एकदम काढल्या नाहीत, एकेक बदलत गेले; चारही मिळून नेकवर (बेसच्या लांब दांड्यावर) ८० किलोच्या आसपास ताण असतो, तो एका झटक्यात शून्यावर आणायची मला इच्छा नव्हती. स्वरात लावल्यावर ब्रिजच्या सॅडलपाशी (तार खालच्या टोकाला जिथे टेकते तिथे) आणि नटपाशी (वरच्या टोकाच्या खाचेपाशी) प्रत्येक तार बोटाने हलकी दाबून बसवली. या जाड तारा सॅडलवरून कमानीसारख्या उचललेल्या राहतात आणि मग इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्टीवर, स्वर नेमका लागणं) कितीही जुळवलं तरी ते टिकत नाही.

गेज तेच असलं तरी पट्टीच्या वेढ्यांमध्ये फटी कमी, धातू जास्त, म्हणून ताणही थोडा जास्त. दुसऱ्या दिवशी नेक पुढे वाकलेली दिसली. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवरची तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजली, ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सुधारणारी सळई) पाव फेऱ्याहून कमी कसला आणि फट ०.३ मिलिमीटरवर आणली. अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) बाराव्या फ्रेटवर ई तारेला २.४, जी तारेला २ मिलिमीटर. मग इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला उपस्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघितले, दाबलेला स्वर चढा आला तिथे सॅडल मागे घेतलं. चारही तारांना थोडं-थोडं सरकवावं लागलं. तारा बदलून सेटअप न करणारे पुष्कळ जण भेटतात आणि मग म्हणतात, फ्लॅटवाउंड बेसूर लागतात. तारांचा त्यात काही दोष नसतो.

आता आवाज. खोलीत एकटीने वाजवलं तेव्हा तो बुजलेला वाटला, हे खरंच आहे. राउंडवाउंडची ती वरची चमक, बोट सरकताना येणारा खरखराट, सगळं गेलं. स्लॅप (तारेवर अंगठा आपटून वाजवणं) करून पाहिलं तर अंगठ्याचा ठोका येतो, पण त्यामागची झणझण येत नाही. जे मुख्यतः स्लॅप वाजवतात त्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण तालमीत ड्रम, दोन गिटार आणि कीबोर्ड सुरू झाले आणि चित्र पालटलं. राउंडवाउंडची चमक ज्या पट्ट्यात असते तिथे झांजा आणि गिटार आधीच भांडत असतात. फ्लॅटवाउंड ती जागा सोडून देतात. उरतो तो मूळ स्वर आणि त्याच्या लगतचे हार्मोनिक, म्हणजे नेमकं जे बेसने द्यायचं असतं ते. आमचा ड्रमर म्हणाला, "किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) कुठे संपते आणि बेस कुठे सुरू होतो, ते आता कळतच नाही." इतक्या काळात माझ्या आवाजाबद्दल ऐकलेलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य आहे.

एकट्याने ऐकून तारा निवडू नयेत, हे मी आता कुणालाही सांगेन. बँडमध्ये ऐका, तालीम रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐका.

या तारा म्हणजे काही नवा शोध नाही. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला तेव्हा बेसवर फ्लॅटवाउंडच असत. चमकदार राउंडवाउंडचं वळण १९६६ च्या सुमारास 'द हू' बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल आणि तारा बनवणारी रोटोसाउंड कंपनी यांनी मिळून दिलं, आणि पुढे बेसवादक जॅको पॅस्टोरियसने त्याच जातीच्या तारा फ्रेटलेसवर (फ्रेट नसलेल्या बेसवर) वापरून बेसला गाता गळा दिला. दुसऱ्या टोकाला मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन: ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड, ब्रिजपाशी फोम, उजव्या हाताची फक्त तर्जनी, आणि तारा तुटल्याखेरीज न बदलण्याबद्दल ख्याती. मोटाउनच्या रेकॉर्डवरचा तो गोल, जिवंत खर्ज असाच आला. मीही ब्रिजपाशी स्पंजची पातळ पट्टी लावून पाहिली. संथ गाण्यांत ती अप्रतिम लागते, पण लांब स्वर धरायचे असतील तर काढावी लागते, म्हणून सध्या तळहाताच्या कडेनेच तारा दाबून वाजवते आहे.

रंगमंचावर मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते ई तारेच्या लांबीबद्दल, म्हणजे तिच्या ध्वनिलहरीच्या लांबीबद्दल. मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते आणि हवेत त्या लहरीची लांबी ८ मीटरहून जास्त असते. छोट्या सभागृहात ती कुठे घुमेल आणि कुठे गायब होईल, हे खोलीच ठरवते. मी उभी असते तिथे कमी ऐकू आलं म्हणून बेस वाढवला, की मागच्या भिंतीपाशी बसलेल्यांचे कान बसतात. आता कॅबिनेट (स्पीकरची पेटी) तिरकं उभं करते, म्हणजे स्पीकरचं तोंड गुडघ्यांऐवजी कानांकडे राहतं. त्या एका बदलाने अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम बराच खाली आला. ४० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने कापते, ८० च्या आसपास किंचित कमी करते, आणि ७०० ते ८०० हर्ट्झला थोडा उठाव देते. खोलीत हे ईक्यू (वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणं) नाकात बोलल्यासारखं वाटतं, पण बँडमध्ये स्वर स्वच्छ उमटतो. फ्लॅटवाउंडला तर या मधल्या पट्ट्याची गरज अधिकच असते.

पेडलबोर्ड आटोपशीर झाला आहे: ट्यूनर, कॉम्प्रेसर (मोठे-लहान आवाज जवळ आणणारा), डीआय (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी पेटी). तारेचा सुरुवातीचा ठोकाच मवाळ असल्यामुळे कॉम्प्रेसर आता जेमतेम काम करतो. दाबण्याचं प्रमाण ४:१ वर ठेवलंय, अटॅक (तो दाबायला लागायचा वेग) संथ, म्हणजे बोटाचा ठोका मरत नाही. डीआयमधून मिक्सरला सिग्नल जातो तो ईक्यूच्या आधीचा. मी रंगमंचावर काहीही फिरवलं तरी साउंड इंजिनिअरच्या हातातला आवाज तसाच राहतो, आणि साउंडचेकला हे सांगितलं की समोरचा माणूस एकदम मोकळा होतो. आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखाच १५ डेसिबलने उतरवणारे इअरप्लगही आता कायम बॅगेत असतात. त्याविना ड्रमशेजारी उभं राहणं मी बंद केलंय, आणि तुम्हीही करावं असं कळकळीने वाटतं.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. जी तारेवर सहाव्या फ्रेटपाशी स्वर लवकर विझतो. बोल्ट-ऑन (बोल्टने जोडलेल्या) नेकच्या बेसवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास अशी मृत जागा बऱ्याचदा सापडते. त्या स्वराची ऊर्जा नेकच्या स्वतःच्या कंपनात शोषली जाते. फ्लॅटवाउंडचा नाद मुळातच आखूड असल्याने ती कमी खुपते, पण संथ गाण्यात कळतेच. हेडस्टॉकला (नेकच्या टोकाच्या खुंट्यांच्या भागाला) वजन जोडलं की ही जागा सरकते, म्हणून पुढच्या तालमीला एक जड क्लॅम्प लावून वाजवणार आहे. ती पाचव्या फ्रेटच्या खाली गेली तरी मला चालेल, आमच्या गाण्यांत तिथले लांब स्वर फारसे येत नाहीत. तुमच्यापैकी कुणी हे करून पाहिलं असेल तर क्लॅम्पचं वजन आणि जागा दोन्ही कळवा.