हिंगोलीहून आयुकाला

पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्रात फूकोच्या लंबकापाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. लांब तारेला टांगलेला जड गोळा संथपणे इकडून तिकडे जातो, तिकडून इकडे येतो. "मामा, हा तर नुसता हलतोय," भाची म्हणाली. शेजारी उभ्या असलेल्या स्वयंसेवक मुलीने ते ऐकलं. "आता कुठल्या दिशेला झुलतोय ते नीट बघून ठेव आणि तासाभराने परत ये," एवढंच ती म्हणाली. परत आलो तेव्हा झोक्याची दिशा थोडी उजवीकडे सरकलेली होती. लंबकाला कुणी हात लावलेला नव्हता. खालची जमीन, म्हणजे पृथ्वीच, फिरली होती.

पुढचं मला नव्याने कळलं. हा लंबक ध्रुवावर टांगला तर झोक्याची दिशा साधारण २४ तासांत पूर्ण फेरा घेते, आणि विषुववृत्तावर अजिबात बदलत नाही. पुणे साडेअठरा अक्षांशावर, म्हणून इथे एका फेऱ्याला सुमारे ७५ तास लागतात. ताशी पावणेपाच अंश. भाचीने लगेच विचारलं, "मग आमच्या हिंगोलीत?" त्या मुलीने मोबाइलवर आकडेमोड केली आणि सांगितलं, साधारण ७१ तास. आपल्या गावाचा स्वतःचा असा एक आकडा आहे याचा त्या पोरीला झालेला आनंद मी विसरणार नाही.

निमित्त होतं २८ फेब्रुवारीचं. १९२८ साली याच दिवशी रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून तो राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या दिवशी आयुकाची दारं सगळ्यांसाठी उघडी असतात. आम्ही परभणीहून रात्रीच्या गाडीने निघालो, सकाळी पुणे स्टेशन, तिथून विद्यापीठाची बस. चौकातल्या रहदारीबद्दल काही लिहीत नाही, ती सगळ्यांना ठाऊक आहे. फाटकातून आत गेलं की मोठमोठी झाडं लागतात आणि गाव एकदम मागे पडतं.

आयुका म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र. १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ते स्थापन केलं आणि जयंत नारळीकर त्याचे पहिले संचालक झाले. इमारत चार्ल्स कोरिआंची, पणजीची कला अकादमी बांधणारे तेच. काळ्या दगडाच्या भिंती, मध्ये खोलगट अंगण आणि त्या अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे. मुलं न्यूटनशेजारी उभी राहून फोटो काढत होती. मला आर्यभटापाशी थांबावंसं वाटलं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे या माणसाने पाचव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवलं, आणि त्याचा पुरावा इथेच तारेला टांगून झुलतो आहे.

मुलांसाठीची खरी जागा म्हणजे 'पुलस्त्य', मुक्तांगण विज्ञान शोधिकेची इमारत. पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या देणगीतून ती उभी राहिली. साध्या वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता इथे अनेक वर्षं काम करत होते. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार, एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं घेऊन चालणारी मोटर. यातली एकही वस्तू आमच्या तालुक्याच्या बाजारात न मिळणारी नाही. म्हणूनच मला हे काम फार मोलाचं वाटतं.

नारळीकर सरांची एक पद्धत प्रसिद्ध आहे. मुलं सही मागायला आली की ते सही देत नसत. मला पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही येईल, असं सांगत. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, पण त्यांची ही रीत इथल्या माणसांत मला दिसली. दुपारी संशोधकांना प्रश्न विचारायची वेळ होती. आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे, त्यात आयुकाचा मोठा वाटा आहे. त्यामुळे भाची घरूनच प्रश्न घेऊन आली होती: गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणारी लहर, गेली की आपणसुद्धा ताणले जातो का?

उत्तर देणारे संशोधक हसले नाहीत की घाईही केली नाही. फळ्यावर त्यांनी मराठीतून गणित मांडलं. हो, ताणले जातो. लायगोच्या ४ किलोमीटर लांब भुजेतला फरक प्रोटॉनच्या, म्हणजे अणूच्या गाभ्यातल्या कणाच्या, व्यासाच्या काही शतांश भागाहूनही कमी असतो. तुझी उंची दीड मीटर धरली तर तुझ्यात होणारा बदल प्रोटॉनच्या दहा लाखाव्या भागाएवढा. मग त्यांनीच उलटा प्रश्न टाकला: एवढं लहान मोजायचं तर जवळून जाणाऱ्या ट्रकचा हादरा कसा वगळायचा? भाचीने वही काढली.

संध्याकाळी दुर्बिणी लागल्या. आठच्या सुमारास मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर होतं. बाणाच्या थोडं खाली तेजोमेघ दिसला, फिकट करडा, मधोमध चार बारीक ठिपके. रंगीत छायाचित्रांची सवय असलेल्यांना तो साधा वाटेल. पण तिथे आत्ता तारे जन्माला येताहेत, आणि डोळ्यात शिरलेला तो प्रकाश सुमारे १,३०० वर्षांपूर्वी, वेरूळचं कैलास लेणं खोदलं जाण्याच्याही थोडा आधी निघालेला आहे. ईशान्येला सप्तर्षी नुकते वर येत होते. त्यांतला पुलस्त्य कुठला, हे एका स्वयंसेवकाने बोटाने दाखवलं. दुपारी त्याच नावाच्या इमारतीत मोटर फिरवून आलेली मुलं तिकडे बघत होती.

पुण्याच्या शाळांना हे वर्षभर मिळतं: दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं, उन्हाळ्यात संशोधकाबरोबर आठवडाभर काम. औंढ्याच्या लायगोला केंद्र सरकारने २०२३ साली २,६०० कोटी मंजूर केले. माझी मागणी अशी की त्या आवारात पहिल्या दिवसापासून एक मुक्तांगण असावं, आगकाड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबसह, आणि तिथे मराठीतून प्रश्न घेणारी माणसं असावीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांनी त्यासाठी रात्रभराचा प्रवास का करावा?