खडकातून तेल बाहेर पडतं तेव्हा

या स्मरणिकेत डॉक्टर, वकील, तहसीलदार पुष्कळ भेटतील. जमिनीखालच्या तेलावर पोट भरणारा बहुधा मी एकटाच. त्याचं श्रेय भूगोलाच्या सरांना. शाळेमागच्या खाणीत नेऊन ते काळ्या दगडातल्या भेगांवर बोट ठेवायचे. "विहिरीला पाणी दगडातून नाही रे येत, या फटींतून येतं." परीक्षेत हा प्रश्न काही कधी आला नाही.

माझी सगळी नोकरी गुजरातेतल्या खंबातच्या खोऱ्यात झाली. अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं, तोच हा पट्टा. इथलं बरंचसं तेल 'कॅम्बे शेल' या काळपट खडकात तयार झालं. खडक इतका घट्ट, की त्यातली बहुतेक छिद्रं साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. मग तेल शेजारच्या वाळूखडकात पोचलं कसं?

खोलवर, साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला, खडकातल्या केरोजेनचं, म्हणजे गाडल्या गेलेल्या जीवांच्या घन अवशेषांचं, तेल होऊ लागतं. घन पदार्थाचा द्रव झाला की जागा जास्त लागते, आणि तिथे ती नसते. दाब चढत जातो, शेवटी खडकच केसाएवढा तडकतो. तेल सरकतं, दाब उतरतो, भेग मिटते; मग पुन्हा पहिल्यापासून. कुकरच्या शिट्ट्याच म्हणा ना! मोठ्या प्रस्तरभंगांचं, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या जागांचं, कौतुक फार होतं. तेल त्यांच्यातून लांबवर जातं हे खरं, पण मुळात जन्मखडकातून सुटका या बारीक भेगाच करतात, असं माझं मत.

अशी एक भेग मी कोअरच्या, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नळकांड्याच्या, तुकड्यावर पाहिली: पांढऱ्या दोऱ्याएवढी, कॅल्साइट या खनिजाने बुजलेली. तिची पातळ चकती अतिनील प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर त्या रेघेत पिवळे ठिपके लखलखले. कॅल्साइट साचताना आत अडकलेलं तेल ते!

वडोद्याजवळ पादऱ्याला तर तेल चक्क डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या लाव्हाथरांच्या, बेसॉल्टमध्ये आहे, म्हणजे आपल्या खाणीतल्या दगडाच्या भाऊबंदांत. बेसॉल्ट स्वतः तेल बनवत नाही. लगतच्या शेलमधलं तेल त्याच्या भेगांत शिरून बसलं. हे सरांना कळवलं, तेव्हा उलट टपाली उत्तर आलं: "नकाशा पाठव."

भेगांच्या भरवशावर मात्र राहू नये. अशा विहिरी सुरुवातीला भरभरून देतात आणि बघता बघता उतरतात. भेगा तेल अडवून धरणारा वरचा झाकणखडक भेदून गेल्या असतील, तर तेल केव्हाच निसटलेलं असतं. म्हणून विहीर नेमकी कुठे खोदायची यावर आम्हा भूशास्त्रज्ञांची आणि ड्रिलिंगवाल्यांची प्रत्येक बैठकीत जुंपते, आणि चहा गार होतो.